ढगांच्या माथ्यावरचा लाल उजेड

तो आत शिरला तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता आणि छातीशी त्यानं एक पत्र्याची पेटी धरली होती. पेटी मात्र कोरडी ठणठणीत. अंगातलं जाकीट, त्याच्या आतला सदरा, सगळं त्यानं पेटीला गुंडाळलं होतं आणि स्वतः नुसत्या बनियनवर कुडकुडत उभा होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता, की रस्त्यापलीकडचं धान्याचं उंच कोठारसुद्धा दिसेनासं झालं होतं.

कॅन्ससच्या पश्चिम टोकाला असलेल्या त्या गावात कपडे धुण्याचं ते एकच दुकान होतं, आणि तिथली सगळी यंत्रं मी अडवून बसले होते. आम्ही कापणीवाले. मे महिन्यात टेक्सासपासून सुरुवात करायची, आणि जसजसा गहू पिकत जाईल तसतसं त्याच्या मागं मागं उत्तरेला सरकत मोंटानापर्यंत जायचं. बाबांची तीन हार्वेस्टर, चार ट्रक, राहायला चाकांवरची घरं, कामावरची सात-आठ माणसं, आणि सगळ्यांच्या पोटाला घालायला आई. मी ट्रक चालवायची. पाऊस पडला की गहू ओला, यंत्रं बंद, आणि मग ग्रीसनं माखलेल्या कपड्यांचा डोंगर घेऊन मी धुवायला यायची. आमच्याकडे सुट्टी म्हणजे पाऊस, दुसरी सुट्टी नसते.

"एखादं यंत्र मोकळं होईल का?" त्यानं विचारलं. "वाळवायचं. थोडा वेळच."

"या की... पुढच्या आठवड्यात."

तो हसला. ओल्या केसांतून पाणी चष्म्यावर ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पेटी खाली ठेवायलाही तो तयार नव्हता.

"माणूस भिजला तर चालतो, पेटी भिजायला नको, असं आहे का?"

"मी वाळतो," तो गंभीरपणे म्हणाला, "ही वाळत नाही."

मला काय वाटलं कोण जाणे... मी एक यंत्र उघडलं, आतले कपडे बाहेर काढले, आणि बाबांची वाळलेली डांगरी त्याच्या अंगावर फेकली. माझे बाबा म्हणजे दारात उभे राहिले तर दार भरून जाईल असे. तो मागच्या खोलीतून ती घालून आला तेव्हा पोत्यात मांजर घातल्यासारखा दिसत होता. मी हसू दाबायचा प्रयत्न केला... अगदी थोडा.

त्याचं नाव एमेट. कोलोरॅडोतल्या विद्यापीठात शिकत होता. ती पेटी म्हणजे विजा मोजायचं उपकरण होतं आणि गावच्या शाळेच्या छपरावर ते बसवायला तो आला होता. हे सगळं सांगता सांगता तो मधेच खिडकीतून बाहेर बघायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. शेवटी म्हणालाच, "काय सुंदर वादळ आहे."

मी हातातली विजार तशीच खाली ठेवली. त्याला सांगितलं, की या सुंदर वादळानं आमची यंत्रं आज तिसऱ्या दिवशी चिखलात उभी आहेत. उभ्या गव्हाला असाच पाऊस लागत राहिला तर दाणा कणसातच मोड धरतो. बाबा असे दिवस गेले की कुणाशी धड बोलत नाहीत, नुसते दारात उभे राहून आभाळाकडे बघतात. आणि तू म्हणतोस सुंदर...

तो खरोखर ओशाळला. कान लाल झाले. "माझ्या लक्षातच आलं नाही," म्हणाला. "आम्ही वादळं नेहमी लांबून बघतो."

"लांबून कशाला?"

मग त्यानं सांगितलं. मोठं वादळ असलं, की त्याच्या माथ्यावर, ढगांच्याही खूप वर, विमानं उडतात त्याच्या कितीतरी वर, मधूनच एक लाल उजेड पेटतो. प्रचंड. डोंगरापेक्षा उंच. आणि पापणी लवायच्या आत विझतो. वैमानिकांनी तो पूर्वीपासून पाहिलेला, पण वेडं ठरवतील म्हणून बोलत नव्हते. आता कुठं काही वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात सापडला होता. नावही नुकतंच ठेवलेलं... स्प्राइट.

"भुताटकी?"

"भूत नाही. गोष्टीतला एखादा खट्याळ जीव असतो ना, दिसला म्हणेपर्यंत नाहीसा होणारा..."

"म्हणजे चकवा."

"बरं, चकवा," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्यात तोच शब्द राहिला.

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. जन्म वादळांखाली गेला, मला कधी लाल उजेड दिसला नव्हता. तो म्हणाला, खालून दिसतच नाही, मधे ढग असतो ना. मी म्हटलं, छान, म्हणजे जिथं आम्ही असतो तिथून दिसत नाही आणि जिथं कुणीच नसतं तिथून दिसतो. फारच सोयीचं. तेव्हा त्यानं यंत्रातून नुकतीच निघालेली लोकरीची बंडी उचलली, तिला चिकटलेली चादर हळूच ओढून सोडवली. चटचट आवाज झाला. "बोट पुढं कर," म्हणाला. मी केलं. त्यानं आपलं बोट जवळ आणलं आणि टिचकी मारल्यासारखी एक बारीक ठिणगी मला चावली.

"ढगात असाच विजेचा भार साठत जातो," तो सांगत होता, "पण एखादीच वीज अशी जबरदस्त असते, की क्षणात सगळं ओढून जमिनीवर घेऊन जाते. खालचा भार असा एकदम गेला, की वरच्या विरळ हवेला हिसका बसतो. आणि ती पेटते. खानावळीच्या खिडकीत लाल नळीचे दिवे असतात ना, तशी. तेवढ्यापुरती."

मी ऐकत होते. पण खरं सांगायचं तर बोट अजून झिणझिणत होतं, आणि लक्ष तिथंच होतं.

पाऊस उतरल्यावर तो निघाला, बाबांची डांगरी घालूनच. त्याचे कपडे अजून ओले होते. दारात थांबून त्यानं एक फोन नंबर सांगितला, त्यांच्या टेकडीवरच्या निरीक्षण-ठाण्याचा. तिथून पूर्वेकडचं सगळं मैदान दिसतं, रात्रभर कॅमेरे लावून ते बसलेले असतात. "तुझ्यावर वादळ आलं की सांग. खालून कसं दिसतं ते आम्हांला कुणी सांगत नाही. फोनचे पैसे आमच्याकडून जातील."

"आणि डांगरी?"

"ती आणायला मला यावंच लागेल," तो म्हणाला. आणि गेला.

मी ठरवलं होतं फोन करायचा नाही. पण चार-पाच दिवसांनी पुन्हा आभाळ फुटलं, आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर मी पेट्रोलपंपाशेजारच्या फोनच्या काचेच्या खोक्यात जाऊन उभी राहिले. नुसतं भांडायला, असं स्वतःला सांगत. त्यानंच उचलला. मी म्हटलं, तुझं सुंदर वादळ पुन्हा आलंय, अभिनंदन. त्यानं घाईघाईनं विचारलं, पाऊस कसा आहे? धो धो? मी सांगितलं, मघाशी होता, गारासुद्धा पडल्या, आता नुसती भुरभुर आहे. विजाही कमी झाल्यात, पण जी येते ती लांबलचक येते, आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत जाते.

"मार्लिस," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "फोन ठेवू नकोस. चकव्याची हीच वेळ असते."

मी रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिले. काचेवरून पाणी ओघळत होतं. अचानक सगळं गाव पांढरं झालं, आणि त्याच क्षणी फोनमध्ये कर्रकन आवाज झाला... माझ्याही कानात, त्याच्याही. पलीकडे दोनशे मैलांवर त्यानं श्वास रोखलेला मला ऐकू आला.

"आत्ता," तो म्हणाला. "बरोब्बर तुझ्या डोक्यावर."

मग कुठं गडगडाट पोचला, काच थरथरली, आणि बराच वेळ तो रेंगाळत राहिला. मी वर पाहिलं. काळोख. पण कुणीतरी दोनशे मैलांवरून आपल्या डोक्यावरचं आभाळ बघतंय... ही गोष्ट मला फार वेगळी वाटली. परत येताना मी भिजत आले आणि भिजल्याचं लक्षात आलं नाही.

त्यानंतर पावसाची प्रत्येक संध्याकाळ त्या खोक्यात जाऊ लागली. चकव्यांबद्दल बोलणं थोडं आणि बाकीचंच जास्त. तो मिनेसोटाचा, वडील पोस्टात. त्याला स्वयंपाक येत नव्हता, कोरड्या पावावर जगत होता. मी त्याला बटाटे कसे उकडायचे ते फोनवरून शिकवलं. तो मला ढगांची नावं शिकवायचा, मी मुद्दाम चुकीची म्हणायची. आईच्या सगळं लक्षात आलं होतं. विजा होत असताना फोनला चिकटून मरशील एखाद दिवशी, एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या हातात तिची छत्री दिली. आम्हां दोघींनाही माहीत होतं की छत्रीचा विजेशी काही संबंध नाही.

जुलैत आमचा मुक्काम कोलोरॅडोच्या पूर्व भागात हलला. आता मधे अडीच-तीन तासांचाच रस्ता. गहू अजून हिरवट होता, बाबा रोज दाणा दाताखाली चावून बघत आणि मान हलवत. अशाच एका दुपारी एक धुळकट गाडी आमच्या तळावर येऊन थांबली, आणि एमेट उतरला. हातात डांगरी. धुतलेली, आणि इस्त्री केलेली. कडक घडीची.

बाबांनी ती उलगडून पाहिली. त्यांच्या डांगरीला आजवर इस्त्री लागलेली नव्हती.

"पाऊस मागतो तो तूच का?" त्यांनी विचारलं.

"मागत नाही," एमेट म्हणाला. "आला तर बघतो."

बाबा नुसतं "हं" म्हणाले. मग मला म्हणाले, जायचं तर जा, पण उद्या दुपारपर्यंत परत ये, गहू वाळला की ट्रकवर तू पाहिजेस. बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं.

टेकडीवर पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागं गेला होता. त्याचे विद्यापीठातले सर परगावी गेले होते. खाली मैदान जांभळं होत चाललेलं, आणि खूप दूर पूर्वेला एकच ढग वर चढत होता, कोबीच्या गड्ड्यासारखा, माथ्यावर अजून ऊन. आमच्यावर स्वच्छ आभाळ. वाऱ्यात सुकलेल्या गवताचा वास. एमेटनं कॅमेरे लावले, पडद्यावर काहीतरी जुळवलं, मग सगळे दिवे बंद करून माझ्या शेजारी येऊन बसला.

"आता डोळे मिटायचे," म्हणाला. "अंधाराची सवय व्हायला हवी. मधे उघडायचे नाहीत."

"आणि तू?"

"मीही मिटलेत."

"कशावरून?"

गवतावर चाचपडत त्याचा हात आला आणि माझ्या हातावर थांबला... विचारल्यासारखा. मी काढून घेतला नाही. कितीतरी वेळ आम्ही तसेच बसून होतो, डोळे मिटून. एक टिटवी ओरडत गेली. या वयातही मला तो अंधार आठवतो, पापण्यांच्या आतला, आणि बोटांवरची ती ऊब.

डोळे उघडले तेव्हा चांदण्यांनी आभाळ गच्च भरलं होतं, आणि क्षितिजावर ते वादळ पसरलं होतं. आवाज अजिबात नाही. आतून कंदील लावल्यासारखा ढग उजळायचा, विझायचा. "ढगाकडे बघू नकोस, त्याच्या वर बघ," तो कुजबुजला. मी वर बघत राहिले. काही नाही. काही नाही. मग ढगाच्या पोटात एक मोठा लोळ पसरला, आणि वर... चांदण्यांमध्ये...

लाल. शेतातून बीट उपटावं आणि ते मुळ्यांसकट आभाळात टांगावं, तसं काहीतरी. वर फिकट झुबका, खाली लोंबणाऱ्या बारीक मुळ्या. एक नाही, चार-पाच, शेजारी शेजारी. दिसले म्हणेपर्यंत गेले.

एमेट सांगतो, की मी त्याचा हात इतका घट्ट दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्या रात्री ते पुन्हा पुन्हा आले. मी लहान मुलीसारखी हसत होते. तो त्यांच्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता, हे मला अंधारातही कळत होतं.

मग मी सहज विचारलं, हे वादळ कुठं आहे रे? कुणाच्या डोक्यावर?

तो उठला आणि आत जाऊन त्यानं रेडिओ लावला. मी त्याच्या मागं गेले.

आत ठाण्यातल्या रेडिओवर आमच्याच तळाच्या भागाचं नाव चाललं होतं. मोठ्या गारा, सोसाट्याचा वारा, सुरक्षित जागी जा. सुरक्षित जागा... आमची चाकांवरची घरं. त्यांना फोन नव्हता. मी दारात उभी राहून त्या सुंदर आभाळाकडे पाहिलं. मी एवढंच म्हणाले, "मला जायचंय."

त्या उन्हाळ्यातली ती त्याची सगळ्यात चांगली रात्र होती. वादळ सरकेल तसा कॅमेरा हातानं वळवावा लागायचा आणि त्या रात्री ठाण्यावर दुसरं कुणी नव्हतं. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं. मग किल्ल्या उचलल्या.

"चल. मी चालवतो."

वाटेत चांदण्या एकेक करून ढगाखाली गेल्या, मग वारा लागला, मग गारा. समोरची काच तडकली. तो दोन्ही हातांनी चाक धरून, पुढं वाकून चालवत होता. एकदाही त्यानं वर पाहिलं नाही.

पोचलो तेव्हा फटफटत होतं. तीन घरांपैकी एक उताणं पडलं होतं, चाकं वर. सुदैवानं त्यात कुणी नव्हतं. सगळा गहू झोपला होता, गारांनी ठेचून जमिनीला चिकटलेला. आई स्टोव्ह शोधून कॉफी करत होती. आणि बाबा हार्वेस्टरच्या पायरीवर बसले होते, उजवा हात छातीशी बांधलेला, चेहरा राखेसारखा. हार्वेस्टरच्या धान्याच्या टाकीवर ताडपत्री ओढायला वर चढले होते, वाऱ्यानं फेकून दिलं. कोपर आणि खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एमेटकडे.

"मिळाला का हवा तेवढा पाऊस?"

एमेटनं मान खाली घातली. त्यानं पडलेल्या घरातलं सामान काढायला दुपारपर्यंत मदत केली, बाबांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी परत निघाला. निघताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांच्या हार्वेस्टरच्या चाव्या हातात घेऊन उभी होते. आता ते मलाच चालवायचं होतं, आणि इथला गहू गेला तरी नेब्रास्कातला आमची वाट बघत होता. एमेट म्हणाला, "फोन करशील?" मी म्हणाले, "बघू."

मी केला नाही. नेब्रास्का गेलं, साउथ डकोटा गेलं. पावसाच्या संध्याकाळी फोनचं खोकं दिसलं तरी मी मान फिरवून जायची. रागावले नव्हते मी त्याच्यावर. पण बाबा वाऱ्यात पडले तेव्हा मी त्याच आभाळाकडे बघून हसत होते, हे मनातून जात नव्हतं. आणि ते लाल झुबके... तेही जात नव्हते. डोळे मिटले की दोन्ही एकदम दिसायचे. आई रात्री भांडी पुसताना माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवायची.

बाबांना हात बांधून तळावर बसवत नव्हतं. म्हणून ते रोज गावच्या कोठारावर जाऊन बसायचे, वजनकाट्यापाशी, आमचे ट्रक मोजून घ्यायला.

ऑगस्टमध्ये नॉर्थ डकोटातली गोष्ट. दुपार कोरडी, आभाळ निळंशार, गहू असा वाळलेला की हातात चुरडला तर दाणे उड्या मारायचे. मी हार्वेस्टर चालवत होते आणि आईची गाडी धूळ उडवत शेतात आली. बाबा उतरले आणि डाव्या हातानं खूण केली... थांबव. म्हणाले, सगळी यंत्रं शेतमालकाच्या गोदामात घाला, घरांना दोर बांधा, माणसं सहापूर्वी आत हवीत. मी वर बघितलं. एक ढग नव्हता. मी भांडले. म्हटलं, अजून चार तास उजेड आहे, हा सगळा गहू आज निघेल. ते म्हणाले, "मार्लिस, सांगतोय तेवढं कर."

केलं. फणफणत केलं. आणि सातच्या सुमारास पश्चिमेकडून ते आलं... हिरवट काळं, मुठीएवढ्या गारा घेऊन. गोदामाच्या पत्र्यावर असा आवाज, की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आम्ही सगळे आत, यंत्रं आत, कुणाला ओरखडा नाही. बाबा एका पोत्यावर बसून शांतपणे कॉफी पीत होते.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, तुम्हांला कसं कळलं?

"फोन आला होता."

"कुणाचा?"

"तुझ्या त्या चकवेवाल्याचा," म्हणाले. "नेब्रास्कापासून येतोय. आपण कुठं असू ते हिशेबानं काढतो आणि त्या त्या गावच्या कोठारावर फोन लावतो. पोरगा बरोबर सांगतो. अजून तरी चुकला नाही."

मला आठवलं... नेब्रास्कातही बाबांनी एकदा असंच अचानक दोर बांधायला लावले होते. साउथ डकोटात तर दोनदा. मला वाटायचं, त्या रात्रीपासून ते घाबरट झालेत.

गारा थांबताच मी शेतमालकाच्या स्वयंपाकघरात गेले आणि त्यांचा फोन मागितला. टेकडीवर दोनदाच घंटा वाजली.

"सगळे ठीक आहात?" त्यानं आधी तेच विचारलं. कोण बोलतंय ते विचारायच्या आधी.

"ठीक आहोत." "एमेट... तुला इथलं वादळ दिसतं तरी का तिथून?"

"नाही. फार लांब आहे ते. नकाशावर ठिपके दिसतात फक्त."

"मग तुला त्याचा उपयोग काय?"

"मला काहीच नाही," तो म्हणाला.

मी भिंतीला टेकले. स्वयंपाकघरात शेतमालकीण बाई पाठ करून बटाटे सोलत होत्या, फारच लक्षपूर्वक.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फोन केला नाहीस. म्हटलं, तुला बोलायचं नसेल तर आपण विचारू नये. पण वादळ कुठं चाललंय ते तरी कुणीतरी सांगायला हवं ना..."

"आणि बाबा? ते काय बोलायचे?"

"पहिल्या वेळी नुसते हं म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, नक्की किती वाजता? तिसऱ्यांदा विचारलं, जेवतोस का नीट, आवाज बारीक येतोय. आज विचारलं, ट्रक चालवता येतो का."

"तू काय सांगितलंस?"

"नाही येत म्हणालो."

"मग?"

"म्हणाले, शिकता येतो."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. बाहेर ढग फाटून पश्चिमेला पिवळा उजेड पडला होता आणि अंगणात गारा वितळत होत्या. आमच्यामधली ती तार नुसती गुणगुणत होती.

"मार्लिस," तो शेवटी म्हणाला, "तू टेकडीवर बसली होतीस ना, त्या रात्री मी तीन चकवे पाहिलेच नाहीत. तुझ्याकडे बघत होतो. सरांना सांगितलं नाही अजून. मी येऊ का तिकडे?"

"ये," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. ये."

तो मोंटानात आला, आमच्या शेवटच्या शेतावर. पहिल्याच दिवशी त्यानं ट्रक खड्ड्यात घातला, आणि बाबांनी चांगल्या हातानं तो बाहेर काढायला शिकवलं. फेब्रुवारीत, कमरेएवढ्या बर्फात आमचं लग्न झालं. उन्हाळा सोडून दुसरा कुठलाही ऋतू चालेल, यावर दोघांचं एकमत होतं. कारण उन्हाळ्यात तो टेकडीवर आणि मी गव्हामागं, हे काही बदलणार नव्हतं. बदललंही नाही. हिवाळाभर एकत्र, आणि मे लागला की मी दक्षिणेला. लोक म्हणायचे, हा कसला संसार. आम्हांला तो पुरत होता. हिवाळ्यात तो स्वयंपाक करायचा, अजूनही करतो, आणि बटाटे अजूनही जास्त उकडतो.

बाबा अगदी शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याबरोबर यायचे. यंत्रावर चढवत नसे, पण कोठारावर बसायचे. संध्याकाळी टेकडीवरून फोन आला की तेच उचलायचे. मग सासरे-जावयांचं सुरू व्हायचं. वारा कुठून आहे, ढग कुठं चढलाय, कालचे चकवे किती होते, तू जेवलास का. बाबा डोळे बारीक करून खिडकीतून आभाळाकडे बघत, मान डोलवत बोलत राहायचे. आणि मी धुळीनं माखलेली, दिवसभराची थकलेली, त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून वाट बघायची... नवरा माझा, आणि मलाच माझा नंबर लागेपर्यंत थांबावं लागायचं.